बुटीक गिटार अॅम्प कसा पारखावा : बांधणीचा टोनशी असलेला संबंध

बुटीक अॅम्प म्हणजे लहानशा कार्यशाळेत, मोजक्या संख्येने आणि बराचसा हाताने जोडलेला ट्यूब (म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या निर्वात नळ्यांचा) अॅम्प, एवढी व्याख्या नवख्या वाचकाला पुरेशी आहे. असा अॅम्प घ्यायचे मनात आले की बहुतेक जण सर्वांत आधी ‘हा हँडवायर्ड आहे का?’ असे विचारतात आणि ‘हो’ असे उत्तर मिळाले की निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. मला हा क्रम उलटा वाटतो. आतल्या तारा हाताने जोडल्या आहेत की छापील बोर्डावर सुटे भाग बसवले आहेत, याला महत्त्व निश्चितच आहे. परंतु टोनवर होणाऱ्या परिणामाचा विचार केला तर ती बाब सर्किट, पॉवर विभाग, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांच्यानंतर येते. म्हणून या लेखातही बोर्डाचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला आहे. पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने दोन अॅम्पांची तुलना केली, तर कानाला जाणवणारा फरक नेमका कुठून आला हे सांगता येते, आणि ते सांगता आले की निवड आपोआप सोपी होते.

पहिली पायरी : अॅम्पचे घराणे ओळखा

बुटीक अॅम्पचे नाव आणि रूप कितीही निराळे असले, तरी त्याच्या सर्किटचे मूळ बहुधा १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या चार-पाच अॅम्पांपैकी एकाकडे जाते. गायकाचे घराणे कळले की त्याच्या गाण्याकडून काय अपेक्षा ठेवावी याचा अंदाज येतो, तसेच येथेही होते. फेंडरचा ट्वीड डिलक्स, म्हणजे ५ई३ हे सर्किट, दोन ६व्ही६ ट्यूबांवर चालते; त्यात निगेटिव्ह फीडबॅक (त्याविषयी दुसऱ्या पायरीत) नाही, बायस, म्हणजे ट्यूब विश्रांतीत किती प्रवाह ओढेल हे ठरवणारी जुळणी, कॅथोड या ट्यूबच्या टोकावरून मिळतो आणि रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेचा डीसी करणारा भाग, ५वाय३ ट्यूबचा असतो. त्यामुळे त्याचा आवाज लवकर फुटतो (ओव्हरड्राइव्हमध्ये जातो), फुटताना मऊ होतो आणि जोरात वाजवल्यास खर्ज थोडा सैल पडतो. त्याच कंपनीचा १९६३ चा डिलक्स रिव्हर्ब याच दोन ६व्ही६ ट्यूबांतून सुमारे २२ वॅट देतो, पण त्यात निगेटिव्ह फीडबॅक आहे, बायस फिक्स्ड (म्हणजे वेगळ्या ठरावीक व्होल्टेजने दिलेला) आहे आणि टोन सर्किट मधल्या स्वरपट्टीला थोडी खाच पाडते. ट्यूब त्याच असूनही तो स्वच्छ, किणकिणता आणि सावरलेला वाजतो. व्हॉक्स एसी३० हे तिसरे घराणे : चार ईएल८४, कॅथोड बायस, निगेटिव्ह फीडबॅक नाही आणि वरच्या स्वरांत एक प्रकारची झळाळी.

चौथे घराणे समजून घेण्यासाठी फेंडर बासमन ५एफ६-ए आणि मार्शल जेटीएम४५ यांची जोडी शेजारी शेजारी ठेवावी. माझ्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत बोधक धडा हाच आहे. बासमनचे हे रूप १९५८ मध्ये आले. १९६२ मध्ये जिम मार्शल, केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी इंग्लंडमध्ये पहिला मार्शल अॅम्प उभा केला तेव्हा त्यांनी बासमनचेच सर्किट जवळजवळ जसेच्या तसे घेतले. दोन्ही अॅम्प हाताने सोल्डर केलेले होते. तरीही दोघांचा आवाज एकसारखा नाही. पहिल्या ट्यूबच्या जागी बासमनमध्ये १२एवाय७ होती, मार्शलमध्ये ईसीसी८३ (हिलाच १२एएक्स७ म्हणतात) बसली आणि तिचा प्रवर्धनांक, म्हणजे सिग्नल किती पट वाढवण्याची क्षमता, दुपटीहून अधिक, म्हणजे १०० आहे. पॉवर ट्यूब ६एल६ जातीच्या होत्या, त्यांच्या जागी लवकरच केटी६६ आल्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मर निराळा, ब्रिटिश बनावटीचा होता. आणि मागून उघड्या कॅबिनेटमधल्या दहा इंची चार जेन्सन स्पीकरांऐवजी बंद कॅबिनेटमधले बारा इंची सेलेस्टियन स्पीकर आले. आराखडा एक असूनही ट्यूब, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर बदलल्यामुळे एका अॅम्पपासून दोन परंपरा सुरू झाल्या.

बुटीक कारागिरांनी याच घराण्यांवर पुढे काम केले. मार्क सॅम्पसन आणि रिक पेरोटा यांनी १९८९ मध्ये मॅचलेस सुरू केले. त्यांचा डीसी-३० उघडच व्हॉक्सच्या वाटेवरचा आहे, मात्र त्याची बांधणी कितीतरी दणकट आहे. आधी अॅम्पेग कंपनीत काम केलेल्या केन फिशर यांनी ट्रेनरेक नावाने अगदी मोजके अॅम्प बांधले आणि त्यांना अनुक्रमांकाऐवजी स्त्रियांची नावे दिली. त्यांचा एक्सप्रेस ईएल३४ वर, तर लिव्हरपूल चार ईएल८४ वर चालतो. दोन्हींत बटणे थोडी आणि गिटारच्या व्हॉल्यूमला मिळणारा प्रतिसाद विलक्षण. अलेक्झांडर डंबल यांचे २०२२ मध्ये निधन झाले. त्यांच्या ओव्हरड्राइव्ह स्पेशलमध्ये फेंडरच्या स्वच्छ टोनवर ओव्हरड्राइव्हचे जादा टप्पे चढवलेले आहेत. आपण पाहत असलेला अॅम्प यांपैकी कोणाच्या कुळातला आहे, हे बनवणाऱ्याला सरळ विचारावे. प्रामाणिक कारागीर ते सांगायला कचरत नाही. दोन वेगळ्या घराण्यांच्या अॅम्पांमध्ये ‘चांगला कोणता’ असे विचारण्यात अर्थ नसतो. तुलना शक्यतो एकाच कुळातल्या अॅम्पांची करावी.

दुसरी पायरी : पॉवर विभागाची चार उत्तरे मिळवा

पॉवर ट्यूब कोणत्या, बायस कोणत्या प्रकारचा, निगेटिव्ह फीडबॅक आहे की नाही आणि रेक्टिफायर ट्यूबचा की डायोडचा, ही चार उत्तरे मिळाली की अॅम्प बोटांखाली कसा लागेल याची बरीच कल्पना येते.

निगेटिव्ह फीडबॅक म्हणजे आउटपुटचा थोडा अंश उलट दिशेने मागे आणून चुका सावरण्याची योजना. ती असलेला अॅम्प बराच वेळ स्वच्छ आणि घट्ट राहतो, पण मर्यादा आली की एकदम फुटतो. ती नसलेला अॅम्प आधीपासूनच किंचित खडबडीत असतो आणि हळूहळू ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतो. बोटांच्या जोराने टोन बदलणाऱ्या वादकांना हा दुसरा प्रकार बहुधा जवळचा वाटतो. ज्यांना पेडलांसाठी स्वच्छ पाया हवा आहे त्यांनी पहिल्याकडे वळावे.

ट्यूब रेक्टिफायरमुळे येणारा ‘सॅग’ नवख्यांना फार आकर्षित करतो. जोराने स्ट्रम केल्यावर पॉवर ट्यूब अचानक जास्त प्रवाह ओढतात, रेक्टिफायरमधून जाताना व्होल्टेज क्षणभर खाली येते, आवाज किंचित दबतो आणि मग पुन्हा वर येतो. हा श्वास घेतल्यासारखा अनुभव खरा आहे. ५वाय३ मध्ये तो जास्त जाणवतो, जीझेड३४ मध्ये कमी. मात्र एकाच पॉवर ट्यूबवर चालणाऱ्या, फेंडर चँपसारख्या लहान सिंगल-एंडेड अॅम्पात ट्यूब सुरुवातीपासूनच जवळजवळ एकसारखा प्रवाह ओढत असते. त्यामुळे अशा अॅम्पात ‘ट्यूब रेक्टिफायरचा सॅग’ म्हणून जे विकले जाते ते कानावर विसंबून तपासावे. तिथे ऐकू येणारा दाब बहुतांशी अन्य कारणांनी आलेला असतो.

‘क्लास ए’, म्हणजे ज्यात ट्यूबांतून प्रवाह सतत वाहत राहतो, या शब्दाबद्दलही सावध राहावे. ३० वॅटचा, चार ईएल८४ असलेला अॅम्प क्लास ए आहे असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. एका ईएल८४ ची उष्णता सहन करण्याची कमाल मर्यादा १२ वॅट, म्हणजे चार ट्यूबांची मिळून ४८ वॅट होते. क्लास ए ची कार्यक्षमता आदर्श स्थितीतही ५० टक्क्यांच्या वर जात नाही, त्यामुळे मर्यादेत राहून २४ वॅटपेक्षा अधिक मिळू शकत नाहीत. ३० वॅट मिळत असतील तर तो अॅम्प पूर्ण जोरात क्लास एबी मध्ये, म्हणजे ट्यूबा काही क्षण आळीपाळीने विसावतात अशा प्रकारे, चालतो, हे सरळ गणित आहे. त्याचा टोन कॅथोड बायस आणि फीडबॅकचा अभाव यांतून येतो, आणि तो टोन सुंदरच आहे. फक्त त्याला चुकीचे नाव दिले गेले आहे.

वॅटबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. शक्ती दुप्पट झाली की आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. त्यामुळे ५० आणि १०० वॅटच्या अॅम्पांत फरक असतो तो मुख्यतः ‘किती वेळ स्वच्छ राहतो’ यात.

तिसरी पायरी : प्रीअॅम्पमधला एक सुटा भाग जवळून पाहा

सर्किटचा आराखडा वाचता येणे आवश्यक नाही, पण एक कपॅसिटर टोन कसा घडवतो हे एकदा समजले की पुढची सगळी चर्चा सोपी होते. प्रीअॅम्पच्या, म्हणजे पॉवर विभागाआधीच्या भागाच्या, पहिल्या ट्यूबच्या कॅथोडपाशी एक रेझिस्टर असतो आणि त्याला समांतर एक कपॅसिटर. फेंडरच्या नेहमीच्या रचनेत ही जोडी १.५ किलोओहम आणि २५ मायक्रोफॅरडची असते. तिथे खर्जाची काटछाट गिटारच्या मर्यादेच्या पार खाली, ४ हर्ट्झच्या आसपास होते, म्हणजे व्यवहारात होतच नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरच्या मार्शल लीड अॅम्पांत ब्राइट चॅनेलला हीच जोडी २.७ किलोओहम आणि ०.६८ मायक्रोफॅरडची आहे. तिथे साधारण ९० हर्ट्झच्या खाली ट्यूबचे प्रवर्धन कमी राहते आणि चढत चढत २०० हर्ट्झच्या थोडे वर ते पूर्ण होते. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते. म्हणजे त्या तारेचा मूळ स्वर पुढच्या टप्प्यांपर्यंत जाण्याआधीच सडपातळ झालेला असतो, आणि म्हणूनच भरपूर ओव्हरड्राइव्हमध्येही तो लिबलिबीत होत नाही.

हा नखाएवढा भाग हाताने जोडलेल्या बोर्डावर असो वा छापील, तो जे करतो ते सारखेच करतो. म्हणून एखाद्या बुटीक अॅम्पचा खर्ज घट्ट वाटला तर त्याचे श्रेय ताबडतोब बांधणीला देऊ नये. कारागिराने कोणत्या जागी कोणते मूल्य निवडले, हीच त्याची खरी कला असते. डंबल आपल्या सर्किटवर एपॉक्सीचा थर का ओतून ठेवत, हेही यावरून लक्षात येते. जपण्याजोगे जे होते ते त्या मूल्यांत आणि मांडणीत होते.

सुट्या भागांच्या दर्जाबद्दल येथेच थोडे सांगतो. जुन्या धाटणीचे कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर मेटल फिल्मपेक्षा अधिक खसखस करतात आणि काळानुसार त्यांचे मूल्य सरकते. जिथे सिग्नलचे व्होल्टेज मोठे असते तिथे ते किंचित डिस्टॉर्शन घालतात, एवढा त्यांचा टोनमधला वाटा आहे. पहिल्या ट्यूबपाशी सिग्नल अगदी लहान असतो; तिथे ते बसवले तर खसखस तेवढी पदरात पडते. कपॅसिटरच्या बाबतीत मूल्य आणि गळती न होणे हे महत्त्वाचे. त्यावरच्या छापील नावाला मी स्वतः फार वजन देत नाही.

चौथी पायरी : आउटपुट ट्रान्सफॉर्मरची चौकशी करा

ट्यूबांचे उच्च व्होल्टेज आणि अल्प प्रवाह स्पीकरला मानवेल अशा रूपात बदलणे हे या ट्रान्सफॉर्मरचे काम, आणि अॅम्पमधून बाहेर पडणारा प्रत्येक स्वर त्यातून जातो. त्याचा लोखंडी गाभा लहान असेल तर जोरदार खर्जाच्या वेळी तो संपृक्त होतो आणि आवाज दबलेला, मऊ वाटतो. मोठा असेल तर खर्ज ठोस राहतो. प्राथमिक आणि दुय्यम वेटोळी एकमेकांत किती थरांनी गुंफली आहेत यावर वरचे स्वर किती मोकळे राहतात ते ठरते. मोठा म्हणजे चांगला, असा सरसकट निष्कर्ष मात्र काढू नये. ट्वीड डिलक्सच्या कुळातल्या अॅम्पला अवाढव्य ट्रान्सफॉर्मर लावला तर ज्या लवचिकपणासाठी तो घेतला तोच हरवतो. ट्रान्सफॉर्मर कोणाचा आहे आणि कोणत्या मूळ नमुन्यावर गुंडाळला आहे, हे दोनच प्रश्न विचारावेत.

पाचवी पायरी : स्पीकर आणि कॅबिनेट वेगळे काढून ऐका

काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर दोन अॅम्प होते. दोन्ही एकाच कुळातले, एक टरेट (धातूच्या खुंट्यांच्या) बोर्डावर सुबकपणे हाताने जोडलेला, दुसरा छापील बोर्डाचा. पहिल्याचा आवाज मला स्पष्टपणे अधिक गोड आणि अधिक खोल वाटला, आणि त्याचे कारण बांधणी हेच असणार असे मी धरून चाललो. मग दोन्ही बंद करून स्पीकरच्या केबलींची अदलाबदल केली, म्हणजे पहिला अॅम्प दुसऱ्याच्या स्पीकरवर आणि दुसरा पहिल्याच्या. पुन्हा वाजवले तेव्हा तो गोडवा आणि ती खोली जागच्या जागी, पहिल्याच कॅबिनेटमध्ये होती. ते कॅबिनेट आता छापील बोर्डाचा अॅम्प वाजवत होता. अॅम्पांतला फरकही उरला होताच, तारेवर प्रहार करण्याच्या क्षणी तो जाणवत होता, पण त्याचा आकार आधी वाटला त्याच्या एक-चतुर्थांशही नव्हता. तेव्हापासून केबलींची ही अदलाबदल केल्याशिवाय मी कोणत्याही दोन अॅम्पांविषयी मत देत नाही.

अदलाबदल करण्याआधी इम्पीडन्स (स्पीकरचा ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत अडथळा) जुळतो का ते पाहणे बंधनकारक आहे : ८ ओहमच्या स्पीकरला अॅम्पची ८ ओहमचीच जागा. अॅम्प पूर्ण बंद असतानाच केबल काढावी. स्पीकर न जोडता ट्यूब अॅम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

स्पीकरकडे पाहताना सेन्सिटिव्हिटीचा आकडा आधी वाचावा. १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर एक स्पीकर ९७ डेसिबल देतो आणि दुसरा १००, तर या ३ डेसिबलचा परिणाम अॅम्पची शक्ती दुप्पट करण्याएवढा आहे. सेलेस्टियनचा अल्निको ब्लू केवळ १५ वॅटचा असूनही १०० डेसिबलचा आहे. एसी१५ आणि एसी३० भरदार वाटण्यात त्याचा मोठा हात आहे. अल्निको चुंबकाचे स्पीकर जोरात वाजवल्यावर मऊ दबतात आणि सिरॅमिक अधिक थेट राहतात असे सर्वसाधारणपणे म्हणता येते, पण शंकूच्या कागदाची जाडी आणि घडण याहून जास्त बोलते.

मागून उघडे कॅबिनेट आवाज खोलीभर पसरवते, आणि पुढून-मागून येणाऱ्या लहरी एकमेकींना खात असल्याने त्यातला खर्ज हलका राहतो. बंद कॅबिनेट समोर नेम धरून मारते आणि छातीत ठोका देते. ट्वीड काळातली पाइनची हलकी पेटी आणि पातळ बॅफल (स्पीकर बसवलेली फळी) स्वतःही थोडी घुमते; बर्च प्लायवूडची जाड पेटी घुमत नाही. दोहोंत उजवे-डावे ठरवण्याआधी आपण कुठे वाजवणार याचा विचार करावा.

सहावी पायरी : आता चासी उघडलेले छायाचित्र मागवा

चासी, म्हणजे अॅम्पचे भाग बसवलेला धातूचा सांगाडा, स्वतः उघडू नये. वीज काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपासचा साठा राहू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो. आतले स्पष्ट छायाचित्र मागितले तर बुटीक कारागीर ते आनंदाने देतात, कारण त्यांची मेहनत तिथेच दिसते.

बांधणीचे चार प्रकार दिसतील. खऱ्या पॉइंट-टू-पॉइंटमध्ये बोर्डच नसतो. सुटे भाग ट्यूबच्या सॉकेटपासून टॅगपट्टीपर्यंत थेट सोल्डर केलेले असतात, जसे मॅचलेसमध्ये. आयलेट बोर्ड ही फेंडरची जुनी पद्धत. त्यातले काळे फायबर बोर्ड दमटपणा शोषून कालांतराने किंचित विद्युतवाहक होते आणि खरखर सुरू होते, म्हणून आजचे कारागीर त्याऐवजी काचतंतूंचे बोर्ड वापरतात. टरेट बोर्डावर धातूच्या छोट्या खुंट्या ठोकलेल्या असतात आणि भाग बदलणे सर्वांत सोपे जाते. चौथा प्रकार छापील सर्किट बोर्डाचा.

छापील बोर्डाला कमी लेखणाऱ्यांनी माइक सोल्डानो यांचा १९८७ चा एसएलओ-१०० आठवावा. बुटीक जगतातला हा मानाचा अॅम्प छापील बोर्डावरच उभा आहे. बोर्ड जाड आहे का, पट्ट्या रुंद आहेत का, आणि मुख्य म्हणजे पॉवर ट्यूबांचे सॉकेट बोर्डावर बसवले आहेत की चासीवर, हे पाहावे. तापणाऱ्या ईएल८४ ट्यूबा थेट पातळ बोर्डावर असतील तर रोजच्या तापण्या-निवण्याने सोल्डरचे सांधे चिरतात, आणि दुरुस्ती करताना तांब्याची पट्टी उखडते. हा टिकाऊपणाचा आणि दुरुस्तीचा प्रश्न आहे, आणि वीस वर्षे अॅम्प बाळगणाऱ्यासाठी तो लहान नाही.

मग हाताने जोडण्याचा टोनशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो तारांच्या मांडणीतून येतो. १२एएक्स७ ट्यूबच्या ग्रिड (सिग्नल आत येणारे टोक) आणि प्लेट (सिग्नल बाहेर पडणारे टोक) यांच्यामध्ये दीड-दोन पिकोफॅरडची धारकता, म्हणजे कपॅसिटरसारखा गुण, निसर्गतःच असते, पण ट्यूबच्या प्रवर्धनामुळे ती सिग्नलला सुमारे साठपट, म्हणजे १०० पिकोफॅरडसारखी भासते. आता प्लेटची तार ग्रिडच्या तारेशेजारून नेली आणि त्यामुळे आणखी एक पिकोफॅरड वाढला, तर तोही साठपट होतो आणि वरचे स्वर बोथट होतात. चुकीच्या दोन टप्प्यांच्या तारा जवळ आल्या तर अॅम्प कानाला न ऐकू येणाऱ्या कंप्रतेवर स्वतःच शिट्टी घालू लागतो. स्वरांना एक ओंगळ कड येते आणि कारण सापडत नाही. म्हणून जाणते कारागीर अॅम्प चालू ठेवून, लाकडी काडीने एकेक तार मिलिमीटरभर सरकवत ऐकतात आणि योग्य जागी ती पक्की करतात. छापील बोर्डावर ही मांडणी एकदाच ठरते : ती चांगली असेल तर प्रत्येक अॅम्प चांगला, वाईट असेल तर प्रत्येक वाईट.

छायाचित्रात पाहायच्या खुणा यावरूनच येतात. ट्यूब तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या तारा एकमेकींना घट्ट पीळ घालून सिग्नलच्या तारांपासून दूर नेलेल्या असाव्यात. ग्रिडकडे जाणाऱ्या तारा आखूड असाव्यात. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या तारा इनपुटच्या जॅकपासून दूर असाव्यात. हायवॉट या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या अॅम्पांसारखी काटकोनात बांधलेली जुडी डोळ्यांना सुखावते; पण तार सुबक वळवण्यापेक्षा योग्य जागी असणे मोलाचे.

सातवी पायरी : ऐकण्याची बैठक नीट आखा

गिटार एक, केबल एक, खोली एक. केबलची धारकता दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते, त्यामुळे एका अॅम्पला ३ मीटरची आणि दुसऱ्याला ६ मीटरची केबल लावली तर दुसरा उगाचच मंद वाटेल. दोन्ही अॅम्प पंधरा-वीस मिनिटे तापू द्यावेत.

त्यानंतर पातळी जुळवावी, आणि ही गोष्ट कधीही टाळू नये. मनुष्याच्या कानाला किंचित मोठा आवाज ‘अधिक चांगला’ वाटतो. मोठा आहे हे कळत मात्र नाही. फोनमधले ध्वनिमापक अॅप कॅबिनेटपासून १ मीटरवर ठेवून दोन्ही अॅम्प १ डेसिबलच्या आत आणावेत. पातळी ज्या आवाजात आपण खरोखर वाजवणार तीच असावी, कारण हळू आवाजात कान खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकतो आणि पॉवर ट्यूबही झोपलेल्या असतात. स्पीकर प्रकाशझोतासारखा समोर तीक्ष्ण आणि बाजूला मंद वाजतो, म्हणून कान दोन्ही वेळा त्याच कोनात आणि त्याच उंचीवर असावा.

टोनची बटणे दोन्ही अॅम्पांवर ५ वर ठेवणे म्हणजे समान स्थिती नव्हे. निरनिराळ्या सर्किटांत ५ चा अर्थ निरनिराळा असतो. प्रत्येक अॅम्प आधी त्याच्या परीने उत्तम लावावा आणि मगच तुलना करावी. व्हॉल्यूमवर ब्राइट कपॅसिटर असेल तर त्याचा परिणाम व्हॉल्यूम वाढवत नेल्यावर विरत जातो, त्यामुळे २ वर कर्कश वाटलेला अॅम्प ६ वर अगदी संतुलित निघू शकतो.

वाजवायचे काय? जाड तारेवर एक स्वर जोराने छेडून तो पूर्ण विरेपर्यंत ऐकावा. शेपटीला फसफस येत असेल तर ती तिथेच ऐकू येते. मग ओव्हरड्राइव्हमध्ये दोन स्वर एकत्र आणि पूर्ण कॉर्ड वाजवून त्यातला प्रत्येक स्वर वेगळा उमटतो का ते पाहावे. बाराव्या पडद्याच्या वर एक स्वर लांबवावा. त्याच्याखाली बेसूर, भुतासारखा दुसरा स्वर कुजबुजत असेल तर वीजपुरवठ्याचे गाळण अपुरे आहे किंवा फिल्टर कपॅसिटर थकले आहेत. सर्वांत शेवटी गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ४ वर आणावा, अॅम्पला हात न लावता. उत्तम अॅम्प येथे ओव्हरड्राइव्हमधून स्वच्छ होतो आणि तरी कोमेजत नाही. मला विचाराल तर बुटीक अॅम्पवर खर्च करण्याचे सर्वांत सबळ कारण ही एकच परीक्षा आहे.

आठवी पायरी : घेण्याआधीचे प्रश्न आणि घेतल्यावरची नोंद

सर्किटचा आराखडा मिळेल का, बायस मोजण्याची जागा बाहेर दिली आहे का, आणि ट्यूब आज सहज उपलब्ध असलेल्या जातीच्या आहेत का, हे विचारून घ्यावे. ईएफ८६ पेंटोड (पाच इलेक्ट्रोडांची ट्यूब) वापरणारे चॅनेल, जसे डीसी-३० चे दुसरे, स्वराला दाट करते. मात्र ही ट्यूब हादऱ्यांना संवेदनशील असते, म्हणून अॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असतील तर टणटण येते का ते मोठ्या आवाजात तपासावे. गिटार न जोडता व्हॉल्यूम वर नेऊन गुणगुण आणि खसखस किती आहे तेही ऐकावे.

अॅम्प घरी आला की पहिल्याच आठवड्यात ट्यूबांची नावे, कारागिराने सांगितलेला बायसचा आकडा, स्पीकरचा इम्पीडन्स आणि आपल्याला आवडलेली बटणांची स्थिती एका कागदावर तारखेसह लिहून तो कॅबिनेटच्या आत, ट्यूबांच्या उष्णतेपासून दूर चिकटवावा. पुढे ट्यूब बदलल्यावर टोन हलला तर तो कुठून हलला, हे कारागीर आणि वादक दोघांनाही त्या कागदावरून शोधता येते.